गाडीतल्या नारिंगी वायरी, इन्सुलेशनचा इशारा आणि आपली गॅरेजं

महापे_टेस्टबेंच
शनिवार, सकाळी १०:१२

हायब्रिड गाडीच्या डॅशबोर्डवर आलेला इन्सुलेशनचा इशारा स्कॅनर लावून पुसून देणारी गॅरेजं आपल्याकडे आहेत. पुसल्यावर गाडी काही दिवस नीट चालते, आणि खरी काळजी तीच आहे. आमच्या इमारतीतल्या एका काकांच्या गाडीचं परवा असंच झालं. मी महापे एमआयडीसीत मोटर आणि इन्व्हर्टर टेस्टिंगचं काम करतो, रोज याच व्होल्टेजशी गाठ असते. "काही नाही रे, सेन्सरचा प्रॉब्लेम होता, पोराने दोन मिनिटांत काढून दिला," असं काका म्हणाले तेव्हा स्वस्थ बसवेना. म्हणून हा धागा. लांबेल, पण ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी पूर्ण वाचावा ही विनंती.

आधी आकडे. गाड्यांच्या नियमांत ६० व्होल्ट डीसी किंवा ३० व्होल्ट एसीच्या वर जे असेल ते हाय व्होल्टेज, आणि त्याच्या वायरी नारिंगी. संयुक्त राष्ट्रांचा आर१०० हा नियम आणि आपला एआयएस-०३८, दोन्ही हीच रेषा धरतात. आता तिसऱ्या पिढीची प्रियस घ्या: बॅटरी २०१.६ व्होल्टची, पण मोटरकडे जाताना बूस्ट कन्व्हर्टर ते ६५० पर्यंत चढवतो. इलेक्ट्रिक गाड्यांचे पॅक साधारण ३०० ते ४०० व्होल्टचे, ह्युंदाई आयोनिक ५ सारख्या गाडीत ८०० च्या वर्गातले. शिवाय हे सगळं डीसी. घरचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तो वाव नाही. एकदा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, लागला की तो ताणला जातो आणि तांबं वितळवतो.

आता मुख्य गोष्ट. घरच्या वायरिंगमध्ये न्यूट्रल जमिनीला बांधलेला असतो, म्हणून फेजला हात लागला की करंटला अंगातून जमिनीकडे वाट मिळते. गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा निगेटिव्हही बॉडीलाच असतो. मोठ्या बॅटरीचं मात्र तसं नाही. तिची प्लस आणि मायनस, दोन्ही टोकं बॉडीपासून पूर्ण अलग ठेवलेली असतात. त्यामुळे यातली एक वायर कुठे सोलून बॉडीला लागली तरी सर्किट पुरं होत नाही. फ्यूज उडत नाही, झटका बसत नाही, गाडी थांबत नाही. हा झाला पहिला दोष, आणि तो मुका असतो. पुढे कधीतरी दुसऱ्या टोकाची वायर उघडी पडली आणि तिला कोणाचा हात लागला, तर त्या माणसाच्या दुसऱ्या हाताखाली असलेली बॉडी हेच बॅटरीचं दुसरं टोक झालेलं असतं. पूर्ण ४०० व्होल्ट त्याच्या छातीतून जाणार.

या मुक्या दोषाला तोंड फोडणारी एकच यंत्रणा गाडीत असते, ती म्हणजे इन्सुलेशन मॉनिटर. हाय व्होल्टेज आणि बॉडी यांच्यामधला रेझिस्टन्स तो सतत मोजत राहतो. नियम सांगतो की डीसी बाजूला दर व्होल्टमागे किमान १०० ओहम हवेत, आणि एसी बाजू त्याला जोडलेली असेल तर ५००. म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत अनुक्रमे ४० आणि २०० किलोओहम. भागाकार करून बघा, व्होल्टेज काहीही असलं तरी गळणारा करंट पहिल्या हिशोबात १० मिलिअँपिअरच्या आणि दुसऱ्यात २ मिलिअँपिअरच्या पुढे जात नाही. माणूस जगावा म्हणून काढलेले आकडे आहेत हे. चांगल्या गाडीत रीडिंग मेगाओहममध्ये असतं. ते किलोओहमवर उतरलं की दिवा लागतो. बऱ्याच गाड्या तरीही चालत्या ठेवतात, कारण भर फ्लायओव्हरवर पॉवर तोडणं जास्त धोक्याचं. पण एकदा बंद केली की पुन्हा चालू होऊ देत नाहीत किंवा चार्जिंग घेत नाहीत. आणि इथेच गॅरेजवाला स्कॅनर काढतो.

काकांना मी दोनच गोष्टी विचारल्या. इशारा एअर कंडिशनर, म्हणजे गाडीतला एसी, लावल्यावरच येतो का? उन्हाळ्यात एसीचा गॅस बाहेर भरला होता का? दोन्हीला हो. हायब्रिडचा किंवा इलेक्ट्रिक गाडीचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही. त्याच्या पोटातच हाय व्होल्टेजची मोटर असते, आणि तिच्या वाइंडिंगवरून गॅस आणि तेल सतत फिरत असतं. म्हणून तेल वीज अडवणारं लागतं: पीओई जातीचं, डेन्सोच्या कॉम्प्रेसरला एनडी-११. साध्या गाड्यांत पीएजी तेल चालतं. पीएजी ओलावा ओढून घेतं आणि विजेला वाट करून देतं. ज्या मशीनने दिवसभर साध्या गाड्यांत गॅस भरला त्याच मशीनचा होज हायब्रिडला लावला, तर होजमध्ये राहिलेलं थोडंसं पीएजीही पुरतं. टोयोटाच्या गाड्यांत मग पी०एए६ हा कोड येतो, हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन उतरल्याचा. त्यावर कोड पुसणं हा इलाज नाही. बऱ्याचदा कॉम्प्रेसर बदलून आख्खी एसी लाइन साफ करावी लागते, आणि हा खर्च मोठा असतो हे मला मान्य आहे.

बाकीच्या यंत्रणांबद्दल थोडक्यात. गाडी 'रेडी' करताना सीटखालून किंवा मागून एकापाठोपाठ टक्-टक् असे आवाज येतात, ते काँटॅक्टरचे, म्हणजे बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचचे. प्लसला एक, मायनसला एक, आणि तिसरा छोटा, रेझिस्टरमधून जाणारा. इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणारा भाग. त्यातले वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे असतात, त्यांच्यावर बॅटरी थेट जोडली तर क्षणात प्रचंड करंट धावेल आणि काँटॅक्टरची तोंडं वेल्ड होऊन चिकटतील. म्हणून धरणाचे दरवाजे उघडण्याआधी थोडं पाणी सोडावं तसं आधी रेझिस्टरमधून कपॅसिटर भरून घेतात, मग मुख्य काँटॅक्टर बसतो. हे सगळे काँटॅक्टर १२ व्होल्टवर उचलले जातात. १२ व्होल्ट गेले की ते आपोआप उघडतात.

दुसरी यंत्रणा इंटरलॉकची. प्रत्येक मोठ्या नारिंगी कनेक्टरमध्ये जाड पिनांच्या शेजारी दोन बारीक पिना असतात, मुद्दाम आखूड ठेवलेल्या. कनेक्टर ओढायला लागलं की आधी त्या सुटतात, कंट्रोलरला कळतं, आणि जाड पिना सुटायच्या आत काँटॅक्टर उघडायचा हुकूम गेलेला असतो. अपघातात एअरबॅगचा कंट्रोलरही तोच हुकूम देतो, काही गाड्यांत तर बारुदाचा छोटा फ्यूज मुख्य बसबारच (करंट नेणारी जाड पट्टी) कापून टाकतो.

इतकं सगळं इंजिनीअर लोकांनी करून ठेवलंय. पण इन्सुलेशन मॉनिटरचं म्हणणं स्कॅनरने पुसून टाकता येतं. ते पुसू देऊ नका. बिल देताना "कोड क्लिअर केला" असं कोणी म्हटलं तर रीडिंग किती होतं आणि आता किती आहे, एवढं विचारा.


पाचपाखाडी
शनिवार, सकाळी १०:५५

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

एक विचारायचंय. वंदना डेपोजवळ पाणी भरतं तेव्हा दरवर्षी एकदा तरी माझी इलेक्ट्रिक गाडी त्यातून काढावी लागते. आई मागे बसलेली असेल तर ती पाय वर घेऊन बसते, "पाण्यात करंट उतरला तर" म्हणून. तिला काय सांगू?


महापे_टेस्टबेंच
शनिवार, सकाळी ११:२०

@पाचपाखाडी, आईंची भीती अगदी रास्त आहे, पण कारण वेगळं आहे. वर लिहिलं तसं बॅटरीची दोन्ही टोकं बॉडीपासून आणि जमिनीपासून अलग आहेत. पॅकमध्ये पाणी शिरलं तर करंट प्लसकडून मायनसकडे, पॅकच्या आतच वाहील. बाहेरच्या पाण्यातून जमिनीकडे जायला त्याला कारण नाही. पाण्यात पडलेल्या महावितरणच्या वायरीचा धोका वेगळा, तिचा परतीचा रस्ता जमिनीतूनच असतो. तेव्हा गाडीच्या आत बसलेल्यांनी पाय वर घ्यायची गरज नाही, त्या पाण्यात उतरून चालणाऱ्यांनी खांब आणि डीपी बघून चालावं.

बऱ्याच पॅकना आयपी६७ असतं, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. पण ही चाचणी नव्या पॅकची, स्वच्छ पाण्यातली. सहा पावसाळे काढलेलं सील, खालून दगड लागून वाकलेला ट्रे, यांचं तिथे काही मोजत नाहीत. पाणी टाळता येत असेल तर टाळाच.


चेंदणी_बंदर
शनिवार, दुपारी १२:०५

टेस्टबेंच साहेब, स्वच्छ पाण्याचं म्हणालात म्हणून लिहितो. आमच्याकडे कोळीवाड्याच्या बाजूला भरतीच्या वेळी पाऊस लागला की जे पाणी चढतं ते खाडीचं, खारं. खाडीलगतच्या बऱ्याच वस्त्यांत हीच कथा. खाऱ्या पाण्याने काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. लोखंडी ग्रिल बघा आमची.

सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयान वादळ आलं, तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यानंतर पेटल्या होत्या. काही तर दिवसांनी. हे आपल्याकडे कोणी सांगत नाही, कारण शोरूमवाल्याला पाऊस म्हणजे गोडं पाणी.


महापे_टेस्टबेंच
शनिवार, दुपारी १२:४०

@चेंदणी_बंदर, फार मोलाची भर घातलीत. मीठ विजेला वाट देतं, आणि पाणी सुकल्यावरही मीठ सेलच्या टोकांमध्ये बसून राहतं. आतल्या आत गळती सुरू होते, सेल तापतो, आणि एक तापला की शेजारचा. म्हणून खाऱ्या पाण्यात फ्लोअरच्या वर बुडालेली गाडी चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, आणि मुख्य म्हणजे इमारतीच्या स्टिल्टमध्ये किंवा बेसमेंटमध्ये आणून ठेवायची नाही. इतर गाड्या आणि भिंतींपासून १५ मीटर तरी लांब, उघड्यावर. सर्व्हिस सेंटरला फोन करताना "पाण्यात गेली" एवढंच नका सांगू, "खाडीचं पाणी" असं स्पष्ट सांगा. त्यांचा पुढचा निर्णय त्यावर ठरतो.


कळव्याचा_वायरमन
शनिवार, दुपारी ३:३०

नमस्कार मंडळी. गाडीच्या आतलं साहेबांनी सांगितलं. मी गाडीच्या बाहेरचं सांगतो, कारण माझ्या मते आपल्याकडे खरा घोळ तिथेच आहे.

गाडी चार्जिंगला लावली की तिची बॉडी चार्जरच्या अर्थ वायरने इमारतीच्या अर्थला जोडली जाते. त्या वेळी गाडी तुमच्या घरच्या फ्रिजसारखीच एक मेटल बॉडीची वस्तू, तीही पावसात ओल्या लादीवर उभी. बिल्डिंगचं अर्थिंग धड नसेल तर गाडीबरोबर आलेला पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवतो आणि चार्ज करत नाही. चार्जर आपलं काम करतोय. पण मालकाला वाटतं चार्जर बिघडला. मग कोणीतरी इलेक्ट्रिशियन येतो आणि प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा टाकून देतो. दिवा हिरवा. सगळे खूश.

मी ठाण्यात असे प्लग उघडून बघितलेत. आत बोटभर लांबीची काळी वायर, दोन स्क्रूंमध्ये अडकवलेली, तेवढीच. आता विचार करा. कुठे मागे न्यूट्रल सुटला, मीटर रूममध्ये, बस रायझरमध्ये, कुठेही. किंवा सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे बसवलेले असले, जे जुन्या बिल्डिंगांत सर्रास असतं. त्या क्षणी त्या काळ्या वायरीतून २३० व्होल्ट थेट गाडीच्या बॉडीवर. दाराच्या हँडलवर. गाडी पुसायला येणारा पोरगा बादली घेऊन अनवाणी उभा असतो तिथे.

साहेबांनी सांगितलेल्या गाडीतल्या मॉनिटरचा इथे काही उपयोग नाही. हा करंट गाडीच्या बॅटरीचा नाहीच, आपल्या मीटरचा आहे.

कोणाकडे असा जंपर टाकलेला असेल तर आज काढा.


घोडबंदर_कासारवडवली
शनिवार, संध्याकाळी ५:१०

माफ करा, पण मला हे जरा जास्त घाबरवणं वाटतं. दोन वर्षं झाली, माझ्या इमारतीत अशाच 'जुगाडाने' तीन गाड्या चार्ज होतात. काही झालेलं नाही. बिल्डरने अर्थ पिट दिलाय, एमसीबी आहे. शॉर्ट झालं तर एमसीबी पडेलच ना? पेट्रोलच्या गाड्या रस्त्यात पेटतात त्याचे धागे कोणी काढत नाही.


कळव्याचा_वायरमन
शनिवार, संध्याकाळी ६:०२

@घोडबंदर_कासारवडवली, एमसीबी पडेल हीच गैरसमजूत आहे, म्हणून हिशोब मांडतो. बिल्डरच्या अर्थ पिटचा रेझिस्टन्स १० ओहम धरा. उन्हाळ्यात पिटात पाणी नाही घातलं तर याहून वाईट असतो. फेज बॉडीला लागली. २३० भागिले १०, करंट २३ अँपिअर. तुमचा एमसीबी ३२ चा. तो २३ अँपिअरला रात्रभर पडणार नाही, आणि रात्रभर बॉडीवर झटक्याचं व्होल्टेज.

एमसीबी वायरला वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरचा. आणि तुमच्या जुगाडात त्याचंही बळ जातं, कारण न्यूट्रल तुटून बॉडीवर आलेला करंट कुठून कुठे जाईल ते तो जंपर आरसीसीबीच्या आधी आहे की नंतर, फेज-न्यूट्रल कसे आहेत, यावर ठरतं. एखाद्याचा जीव त्या नशिबावर का सोडायचा?

दोन वर्षं काही झालं नाही कारण दोन वर्षं न्यूट्रल सुटला नाही.


घोडबंदर_कासारवडवली
शनिवार, संध्याकाळी ६:३५

२३ अँपिअरचा हिशोब पटला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतोय. आमच्याकडे गाड्या धुणारी मुलं पहाटे येतात, गाड्या तेव्हा चार्जिंगलाच असतात.


नेरूळ_सेक्रेटरी
शनिवार, रात्री ९:१५

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. चार्जर बसवायला एनओसी मागणारे अर्ज आता दर मिटिंगला येतात. एकजण म्हणतो साधा आरसीसीबी पुरे, दुसरा म्हणतो टाइप बी लागतो आणि तो फार महाग आहे. आम्ही अट काय घालायची? कृपया सोप्या शब्दांत सांगा, आमच्यात इलेक्ट्रिकलचं कोणी नाही.


महापे_टेस्टबेंच
शनिवार, रात्री ९:५०

@नेरूळ_सेक्रेटरी, ताई, हा प्रश्न विचारलात याचाच आनंद झाला.

घरात जो साधा आरसीसीबी असतो तो बहुधा टाइप एसी. तो फक्त एसी गळती ओळखतो. गाडीच्या ऑनबोर्ड चार्जरमध्ये एसीचं डीसी होतं, तिथे दोष झाला तर डीसी करंट उलटा इमारतीच्या वायरिंगमध्ये येऊ शकतो. हा डीसी आरसीसीबीच्या आतल्या लोखंडी कोअरला सॅच्युरेट करतो, आणि मग खरी एसी गळती झाली तरी तो जागचा हलत नाही. वरून टेस्ट बटण दाबून समाधान मानलेलं असतं, ते वेगळंच. म्हणून नियम असा की डीसी गळतीही ओळखणारा टाइप बी बसवा, किंवा टाइप ए बसवा आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखून तोडणारी सोय हवी. चांगल्या वॉलबॉक्समध्ये (भिंतीवरच्या चार्जरमध्ये) ही सोय आत असते, डेटाशीटवर छापलेली असते. अर्जाबरोबर ते पान मागा. महागडा टाइप बी मग लागत नाही.

प्रत्येक चार्जरला स्वतंत्र आरसीसीबी. ३२ अँपिअरच्या चार्जरला ६ चौरस मिमी तांब्याची केबल, मीटर रूम लांब असेल तर १०. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. बाकी अर्थ पिटचं वायरमनदादांनी सांगावं.


कळव्याचा_वायरमन
रविवार, सकाळी ८:२०

ताई, अर्थ पिटचं रीडिंग लेखी घ्या, अर्थ टेस्टरने घेतलेलं, लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरच्या सहीचं. आणि ते एप्रिल-मेमध्ये घ्या. पावसाळ्यात जमीन ओली असते, तेव्हा वाईट पिटही चांगला दिसतो. नवी मुंबईत भराव टाकलेल्या जमिनी आहेत, वर खारी ओल आणि आत काय ते खोदल्याशिवाय कळत नाही. जीआय पट्टी असेल तर झाकण उघडून जॉइंट डोळ्यांनी बघा, खाऱ्या हवेत नटबोल्ट गंजून नुसता आकार राहिलेला असतो.

सॉकेटला मल्टिमीटर लावून एक सोपी तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घेता येते. फेज ते अर्थ साधारण २३० दाखवला पाहिजे, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. न्यूट्रल-अर्थ बरोब्बर शून्य आला तर खूश होऊ नका, आधी सॉकेट आणि प्लग उघडून जंपर आहे का ते बघा.


तुर्भे_ऑटोवर्क्स
रविवार, सकाळी ११:४५

मी गॅरेजवाला. धागा पूर्ण वाचला. आमच्या धंद्याबद्दल जे लिहिलंय ते खरं आहे, पण आमची बाजू पण ऐका.

इलेक्ट्रिक गाडीला हिरवी नंबर प्लेट असते, लांबूनच कळतं. हायब्रिडला साधी पांढरी. गिऱ्हाईक येतो, बोनेट उघडतो, तेव्हा नारिंगी वायर दिसते. मालकालाच माहीत नसतं की आपल्या गाडीत २०० व्होल्ट आहेत. डेंटिंग-पेंटिंगला येते, एसीला येते, सस्पेन्शनला येते. वॉरंटी संपली की सगळ्या आमच्याकडेच येणार, कंपनीत किती जण जातील? म्हणून गेल्या वर्षी माझ्या दोन पोरांना ट्रेनिंगला पाठवलं. आता आयटीआयमध्ये पण मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असा ट्रेड आलाय, तिथला एक पोरगा ठेवलाय.

आम्ही काय करतो ते सांगतो, चुकत असेल तर सांगा. हायब्रिड आली की चावी माझ्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये, गाडीपासून लांब. कारण गाडी रेडीमध्ये राहिली तर आवाज काहीच नाही, आणि मध्येच इंजिन आपोआप चालू होतं. बेल्टमध्ये हात असला तर बोटं गेली. मग १२ व्होल्टचा निगेटिव्ह काढायचा. मग सर्व्हिस प्लग काढायचा, आणि तो प्लग काम करणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात. दुसरा कोणी लावू शकत नाही. मग १० मिनिटं कोणी हात लावायचा नाही, इन्व्हर्टरचे कपॅसिटर उतरायला. टोयोटाच्या पुस्तकात १० मिनिटंच दिलीत.

हातमोजे क्लास झिरोचे, १००० व्होल्टचे. रोज सकाळी घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणायचे, आत हवा कोंडते, बोटं फुगतात, मग गालाजवळ धरायचं. सुईएवढं भोक असलं तरी गार हवा लागते. लागली की मोजा कापून फेकायचा, म्हणजे कोणी परत वापरणार नाही. पोरं आधी कंटाळा करायची. आता कोणी विसरला तर दुसरा आठवण करतो.

एसीचं मात्र नवीन कळलं. आमच्याकडे एकच गॅस मशीन आहे.


महापे_टेस्टबेंच
रविवार, दुपारी १:१०

@तुर्भे_ऑटोवर्क्स, मनापासून नमस्कार. तुमच्यासारखी गॅरेजं वाढली तर मला असे धागे काढावे लागणार नाहीत. आणि पांढऱ्या प्लेटचा मुद्दा माझ्या लक्षात इतका ठळकपणे आला नव्हता. अपघातात मदतीला धावणाऱ्यांनाही हीच अडचण: बाहेरून पेट्रोलची गाडी, आत २०० व्होल्ट.

तुमच्या पद्धतीत दोनच गोष्टी जोडतो. एक, १० मिनिटांनी मीटर लावाल तेव्हा आधी तो मीटर चालू व्होल्टेजवर तपासा, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लावा, मग परत चालू व्होल्टेजवर. मधल्या काळात मीटरचा फ्यूज किंवा लीड गेली असेल तर तो शून्य दाखवेल आणि तुम्ही हात घालाल. मीटर कॅट थ्री १००० व्होल्टचा हवा, रस्त्यावरचा पिवळा नको.

दोन, सर्व्हिस प्लग काढला म्हणजे बॅटरी मेली असं पोरांना वाटू देऊ नका. प्लग बॅटरीची साखळी मध्येच तोडतो, पण प्रत्येक तुकड्यात त्याचं त्याचं व्होल्टेज कायम असतं. पॅकचं झाकण उघडायचं असेल तर ते काम वेगळं, माणूस वेगळा, आणि शेजारी दुसरा माणूस उभा हवा.

गॅस मशीनबद्दल: हायब्रिडसाठी वेगळं मशीन ठेवता आलं तर सर्वांत उत्तम. नाही तर होज फ्लश करण्याची सोय असलेलं मशीन, आणि तेल मशीनमधून घालायचंच नाही, सीलबंद डब्यातलं पीओई वेगळं घालायचं. पेंट बूथचंही बघा. भट्टीत किती तापमानाला किती वेळ गाडी ठेवायची याची मर्यादा कंपनीच्या रिपेअर पुस्तकात असते, त्यापुढे जायचं असेल तर बॅटरी उतरवावी लागते.


खारघर_हिल्स
रविवार, दुपारी २:३०

टोइंगबद्दल कोणी लिहिलं नाही. माझी इलेक्ट्रिक गाडी सायन-पनवेल हायवेवर बंद पडली, तेव्हा आलेला माणूस पुढची चाकं उचलून न्यायला निघाला होता. माझ्या गाडीची मोटर मागच्या चाकांना आहे. मी फ्लॅटबेड येईपर्यंत अडून बसलो. बरोबर केलं ना?


महापे_टेस्टबेंच
रविवार, दुपारी २:५०

@खारघर_हिल्स, शंभर टक्के बरोबर. परमनंट मॅग्नेट मोटर बाहेरून फिरवली की ती जनरेटर होते. बॅटरीचे काँटॅक्टर उघडे असले तरी इन्व्हर्टरच्या बाजूला व्होल्टेज तयार होतं, वेग वाढेल तसं जास्त. चारही चाकं उचललेली, म्हणजे फ्लॅटबेडच.

आणि बंद पडली म्हणालात त्यावरून, बऱ्याचदा दोष १२ व्होल्टच्या बॅटरीचा निघतो. मोठी बॅटरी ८० टक्के भरलेली असली तरी काँटॅक्टर उचलायला १२ व्होल्ट नसतील तर गाडी ढिम्म हलत नाही.


पाचपाखाडी
रविवार, संध्याकाळी ७:०५

अवांतर: भावाची इलेक्ट्रिक स्कूटर आहे. तिलाही हे सगळं लागू का?


महापे_टेस्टबेंच
रविवार, संध्याकाळी ७:४०

@पाचपाखाडी, बऱ्याच स्कूटरचा पॅक ५० व्होल्टच्या आसपास, ६० च्या रेषेखाली. त्यामुळे झटक्याचा धोका कमी, नारिंगी वायरी आणि इन्सुलेशन मॉनिटरची सक्ती नाही. तिथे धोका सेल तापण्याचा. दुचाकींना एआयएस-१५६ हा बॅटरीच्या सुरक्षेचा नियम लागू आहे, आणि आगीच्या घटनांनंतर त्यातल्या कडक केलेल्या अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत आल्या. जुनी स्कूटर असेल तर बॅटरी रात्री घरात, दाराच्या वाटेत चार्ज करू नका. धूर दिसला तर झाकण उघडायला जायचं नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि १०१ ला फोन करताना लिथियम बॅटरी आहे हे सांगायचं. तो धूर विषारी असतो.


नेरूळ_सेक्रेटरी
सोमवार, सकाळी ९:००

सर्वांचे आभार. वरचे मुद्दे एनओसीच्या फॉर्ममध्ये घालतेय. शेवटचा प्रश्न. आमच्या स्टिल्टमध्ये घुशी फार. एका सभासदाच्या गाडीची खालची नारिंगी केबल कुरतडलेली दिसतेय, आत चकचकीत जाळी दिसते. गाडी चालू आहे, इशारा नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो इन्सुलेशन टेप मारतो.


महापे_टेस्टबेंच
सोमवार, सकाळी ९:१२

ताई, टेप मारू देऊ नका आणि गाडी हलवू नका. दिसतेय ती शील्डची जाळी, तिच्या आत अजून एक इन्सुलेशनचा थर आहे, तो शाबूत आहे म्हणून इशारा आला नाही. जाळी तुटून आत टोचली किंवा पाणी शिरलं की तो थरही जाईल. गाडी चार्जिंगला असेल तर आधी भिंतीवरचा एमसीबी बंद करा, मग गन काढा. सर्व्हिस सेंटरला केबलचा फोटो पाठवा आणि फ्लॅटबेड मागवा. हाय व्होल्टेजची केबल जोडत नाहीत, पूर्ण बदलतात. तोवर त्या गाडीखाली कोणी झाडू-पाणी करणार नाही एवढं वॉचमनला आत्ताच सांगा.